दोडका संध्याकाळी फुलतो

प्रश्न : काकू, यंदा पहिल्यांदाच गच्चीवर भाजी लावली. गवार मिळते आहे, पण दोडक्याची फुलं नुसती गळतात. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ब्रशने परागीकरण करतो, तरी एक फळ धरत नाही. एप्रिल लागल्यापासून टोमॅटोचंही तेच. खत कमी पडतंय का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : खताचा डबा आधी खाली ठेवा, दादा. दोडक्याचं फूल ऊन कललं की उमलतं. सकाळी तुम्ही ब्रश फिरवता ते कालचं, मिटलेलं फूल. काकडी, घोसाळं सकाळची, दोडका संध्याकाळचा. मलाही मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर दोन उन्हाळे वाया घालवल्यावर हे कळलं, तेही वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला सहाला वर गेले म्हणून.

नर फुलं घोसानं येतात. मादी फूल एकटं, आणि त्याच्यामागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच असतो. वेल सुरुवातीला बहुतेक नर फुलंच देतो, ती गळणारच. ऑफिसातून आलात की ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेका. ब्रश लागत नाही.

टोमॅटोचं दुखणं वेगळं. पारा 35 अंशांपुढे गेला की पराग निकामी होतात, फूल गळतं. दुपारी हिरवी जाळी बांधून बघा. नाही जमलं तर जीव आटवू नका, पाऊस सुरू झाला की नवी रोपं लावा.

कुंड्यांत माती झाकायला उसाचं पाचट पसरा, ओल टिकते. आपल्याकडे त्याला काय तोटा! पण रसवंतीवरची ताजी चिपाडं आणू नका. मी आणली होती. चार दिवसांत मुंग्यांची जत्रा भरली.

आता खायचं. गवार कोवळी असतानाच तोडा, रविवारची वाट बघाल तर दोर वळायची वेळ येईल. लसणाची फोडणी, कांदा-लसूण चटणी, वरून दाण्याचं कूट, गूळ नको. दोडका चिरताना आधी एक फोड चाखा. कडू लागला तर अख्खा टाकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि पोट बिघडतं. गोड निघाला तर सालीवरच्या शिरासुद्धा टाकून देऊ नका. थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये लगदा होतो. तिखट घरच्या चटणीचंच घाला, यंदाची नवी डंखावरून, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीतून, आली असेलच.