आधी गोवा, जूनमध्ये प्लेस्टेशन, आणि टीव्ही आहे तोच

वाचकाचा प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. वय ३३. हातात ३८,००० येतात, बायको शाळेत शिकवते, तिचे १६,०००. मुलगी पहिलीत आहे. घर वडिलांचं (आप्पांचं), जुळे सोलापुरात, त्यामुळे भाडं नाही. घरखर्च ३१,०००, मुलीची फी महिन्याला धरली तर २,५००, बाइकचा हप्ता ३,४००, मोबाइलचा २,९०० (नोव्हेंबर ते मार्च असे अजून पाच), एसआयपी ४,०००. बँकेत दीड लाखाची एफडी आहे. बोनस आणि साठलेल्या रजेचे मिळून दिवाळीला ६०,००० येतील. दिवाळीचा खर्च बायकोच्या भिशीतून निघतो, म्हणून बोनस सरळ एफडीत टाकायचं ठरवलंय. कॉलेजपासून मला प्लेस्टेशन घ्यायचंय. दुकानदार म्हणतो, कन्सोल ५५,००० आणि सोबत ५५ इंची टीव्ही ४८,०००, दोन्ही नो-कॉस्ट ईएमआयवर, १२ महिने. बायकोला गोव्याला जायचंय, लग्नानंतर आम्ही कुठेच गेलेलो नाही. तिघांचे ४५,००० होतील, ते क्रेडिट कार्डवर टाकावे म्हणतो. डिसेंबरात मित्र पुण्याला कॉन्सर्टला चाललेत, तिकीट ४,०००. आप्पा म्हणतात, हे काय गेम खेळायचं वय आहे का. तुम्ही सांगा.

उत्तर:

आप्पांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तुमचं पत्र वाचताना तोच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेला दिसतो. हो, वय आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्याचे हिशेब जुळवणाऱ्या माणसाला रात्री तासभर गेम खेळावासा वाटला, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लग्नानंतर एकदाही बाहेर न पडलेल्या बायकोला समुद्र बघावासा वाटला, तर ती चैन नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या बजेटमध्ये करमणुकीची ओळ मी स्वतः लिहायला लावतो. ती ओळच नसली की पैसे जायचे तिथे जातातच, फक्त हिशेब राहत नाही.

माझी हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. साठ हजार रोख तुमच्या हातात येणार आहेत. ते तुम्ही एफडीत ठेवणार, आणि कन्सोल, टीव्ही, गोवा ही तिन्ही उधारीवर घेणार. एका खिशात बचत आणि दुसऱ्या खिशात कर्ज. हे तुम्ही एकटेच करत नाही. एफडीची पावती बघून घरच्यांना बरं वाटतं, म्हणून शंभरातली कितीतरी घरं असंच करतात. पण आकडे मांडून बघा. एफडीवर साडेसहा टक्के धरले, तर ६०,००० वर वर्षाला ३,९०० मिळतील. क्रेडिट कार्डाचं बिल मुदतीत पूर्ण भरलं नाही, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ४५,००० वर पहिल्याच महिन्यात १,५७५, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,८५८ रुपये. एफडी वर्षभर जे कमावेल ते कार्ड दोन महिन्यांत जवळजवळ खाऊन टाकेल.

आता तुमचा महिना बघू. ५४,००० मधून घरखर्च, फी, दोन्ही हप्ते आणि एसआयपी गेली की १०,२०० उरतात. तुमच्या पगाराच्या घरात एवढे उरणं ही चांगली गोष्ट आहे, तुमच्या पत्नीला त्याचं श्रेय द्या. कन्सोल आणि टीव्ही मिळून १,०३,०००, बारा महिन्यांचा हप्ता ८,५८३. उरले १,६१७. रोजचे ५४ रुपये. आणि गोव्याच्या कार्डाचं नुसतं पहिल्या महिन्याचं व्याज १,८५८. म्हणजे मुद्दल सोडाच, व्याजालाही तुमची उरलेली रक्कम पुरत नाही. मुलीला ताप आला, बाइकचं टायर बदलावं लागलं, गावाकडे एखादं लग्न निघालं की एसआयपी थांबेल, नाहीतर कार्डावर आणखी बोजा चढेल.

दुकानदार ज्याला नो-कॉस्ट म्हणतो, तेही फुकट नसतं. बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून वजा केली जाते, इतकंच. पंधरा टक्के दराने ५५,००० च्या बारा हप्त्यांत सुमारे ४,२०० व्याज दडलेलं असतं. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्याला या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, वर प्रोसेसिंग फी. सगळं मिळून हजाराच्या घरात. रक्कम मोठी नाही, मान्य. पण दुकानात उभं राहून एकच विचारा: "रोख घेतला तर किती?" बऱ्याचदा दीड-दोन हजारांचा फरक तिथेच निघतो. आपल्या नव्या पेठेत घासाघीस केल्याशिवाय साडी कोणी घेत नाही, मग कन्सोलचीच किंमत छापील का धरायची?

हप्त्यांबद्दल मी एवढा हट्टी का आहे, तेही सांगतो. माझे वडील सोलापुरातल्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी नववीत असताना त्यांनी महिना दीडशे रुपयांच्या हप्त्यावर टू-इन-वन आणला. आईला गाण्यांचा फार नाद. सकाळी आकाशवाणी, दुपारी कॅसेट. कोनाड्यात ठेवलेल्या त्या डब्यावर तिने क्रोशाचं पांढरं कव्हर विणून घातलं होतं, बटणांपुरती जागा मोकळी सोडून. चार हप्ते गेले आणि मिल बंद पडली. भोंगा वाजायचा थांबला. त्यानंतर दर दहा तारखेला लाल वही घेऊन लुनावरून एक माणूस यायचा, आणि दारात उभा राहून मी सांगायचो, "बाबा घरी नाहीत." बाबा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले असायचे, श्वासाचाही आवाज न करता. शेवटी टू-इन-वन परत गेला. आईने ते कव्हर धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. कितीतरी वर्षं ते तिथेच होतं.

त्या टू-इन-वनने आमच्या घरात चार महिने खरा आनंद आणला. तो घेतला म्हणून मी वडिलांना कधी दोष दिला नाही. पण पुढच्या वर्षाचा पगार येणारच, असं धरून तो घेतला होता. तुमचा उद्योगही निर्यातीवर चालतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा आपल्या टॉवेलवाल्यांच्या पोटात कसा गोळा आला होता, ते अकाउंट्समध्ये बसून तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. ऑर्डर कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम जातो, मग बोनस. हप्ता मात्र तारखेला हजर.

म्हणून आधीच्या दीड लाखाच्या एफडीबद्दल एक पक्कं ठरवा. तुमचा अत्यावश्यक खर्च, हप्ते धरून, महिना ३९,८०० आहे. दीड लाख म्हणजे पावणेचार महिन्यांची सोय. ती मोडायची नाही.

बोनसच्या साठ हजारांतले ४५,००० गोव्याला द्या. कन्सोलआधी गोवा का, असं तुम्ही विचाराल. तासांचा हिशेब केला तर कन्सोलच स्वस्त पडतो, पाच वर्षं टिकणारी वस्तू आहे. पण बोनस घराचा आहे आणि गोवा तिघांचा आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. पहिली लाट पायावर येते तेव्हा या वयाची पोरं ओरडत मागे पळतात आणि लगेच परत पुढे जातात. बाराव्या वर्षी तिला तेच बघून तसं होणार नाही. कन्सोल जूनमध्येही असाच मिळेल.

फक्त दिवाळीच्या ऐन आठवड्यात आणि नाताळ ते एक जानेवारी जाऊ नका, त्या दिवसांत खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात. भाऊबीज झाली की पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार जा. पत्नीच्या शाळेची सुट्टी बघून तारीख काढा. जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, त्याचं भाडं आधी बघून ठेवा. ते बजेटात बसलं नाही तर रात्रीची बस आहेच, एका बाजूने बस आणि एका बाजूने विमान असंही करता येतं. मुलीला विमानाचं अप्रूप वाटेल. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बुकिंग करताना बिलात तोच लागलाय ना, ते पाहा. पहिल्या दिवसाची शिदोरी म्हणून कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर घ्या. लहान मुलांना बाहेरचं जेवण पहिल्या दिवशी चालत नाही, आणि किनाऱ्यावर तीन माणसांचं एक जेवण किती जातं, ते तिथे गेल्यावर कळेल.

उरले १५,०००. तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा शब्दही नाही. ३८,००० पगारावर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, बसत नाही. कारखान्याची ग्रुप पॉलिसी असेल तर ती नोकरीबरोबर जाते. तिघांची मिळून एकच, पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी घ्या, प्रीमियम साधारण या पंधरा हजारांच्या आसपास बसावा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण काढला आहे. माझ्या लेखी या सगळ्या यादीतलं सगळ्यात तातडीचं काम हेच, तुम्ही विचारलेलं नसलं तरी.

आता प्लेस्टेशन. दरमहा उरणाऱ्या १०,२०० मधून ६,००० वेगळ्या रिकरिंग खात्यात टाका. नोव्हेंबर ते मार्च, तीस हजार. मोबाइलचा हप्ता मार्चमध्ये संपतो. तो मुदतीआधी फेडायची घाई करू नका, काही ठिकाणी त्यावर दंड असतो आणि वाचत फारसं काही नाही. एप्रिलपासून ते २,९०० सुद्धा त्याच खात्यात, म्हणजे महिना ८,९००. एप्रिल, मे, जून मिळून २६,७००. जूनअखेर ५६,७०० तयार, शिवाय दर महिन्याला श्वास घ्यायला चार हजार हातात. या आठ महिन्यांत कधी मन फिरलं, तर पैसे तुमचेच आहेत.

घेताना डिस्क ड्राइव्हवालाच कन्सोल घ्या. डिजिटल मॉडेल थोडं स्वस्त असतं, पण त्यात विकत घेतलेला गेम कायम तुमच्याच खात्यात अडकतो. मोठ्या कंपनीचा नवा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. डिस्क असली तर तो संपवून विकता येतो, मित्राशी बदलता येतो, जुनी डिस्क निम्म्या किमतीत मिळते. पाच वर्षांत हा फरक ड्राइव्हच्या जास्तीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा होतो. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळं सबस्क्रिप्शन लागतं, ते आवडलं तरच घ्या. वर्षाला तीन-चार गेमच्या वर जाणार नाही, एवढं घरात सांगून ठेवा.

टीव्ही सध्या नको. घरातल्या फुल एचडी टीव्हीला एचडीएमआय केबलची जागा असेल तर त्यावर कन्सोल व्यवस्थित चालतो. चित्र थोडं कमी रेखीव, एवढाच फरक. मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय म्हणून आत्ताच घ्या, असं दुकानदार म्हणेल. तो कर कायमचा कमी झालाय, दिवाळी ऑफर नाही.

कॉन्सर्टबद्दल माझा फार आग्रह नाही. तिकीट ४,०००, पण सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जाणं, रात्री उशिरा संपल्यावर रिक्षा, मुक्काम, खाणं धरून सात-साडेसात हजार होतात. गायक आयुष्यभर आवडता असेल तर जा. डिसेंबरचे सहा हजार तिकडे वळवा आणि कन्सोल जुलैअखेर घ्या. मित्र चाललेत एवढ्यासाठी जात असाल, तर यंदा राहू द्या.

आप्पांच्या मनात गेम म्हणजे पैसे लावायचे गेम असावेत. आपल्याकडे त्यापायी काही घरांनी खूप सोसलंय, त्यांची भीती खोटी नाही. ते गेम वेगळे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. हा फरक त्यांना नीट बसून समजावा. पण कन्सोलमध्येही गेमच्या आत कपडे, नाणी, गाड्या विकत असतात. त्यात कार्ड सेव्ह करू नका, मुलीचं खातं वेगळं काढून तिची खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. आणि पहिल्या रविवारी दुसरा कंट्रोलर आप्पांच्या हातात द्या, गाड्यांच्या शर्यतीचा एखादा सोपा गेम लावून.