टेल्कोची वाढ केवळ परवाना राजमुळे झाली का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. टाटा मोटर्सचा, म्हणजे जुन्या टेल्कोचा, मालवाहू गाड्यांचा व्यवसाय परवाना राजच्या, म्हणजे सरकारी परवान्याशिवाय उत्पादन करता न येण्याच्या काळातल्या, बंद बाजारपेठेमुळे वाढला की स्वतःच्या बळावर, ही पहिली. आणि कंपनीच्या विभाजनानंतर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, ही दुसरी. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात माझी ३५ वर्षे गेली आणि आमचा बराचसा माल टेल्कोच्याच गाड्यांना लागत असे. त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

बंद बाजारपेठेचा फायदा टेल्कोला झाला, हे निर्विवाद आहे. परंतु तोच फायदा इतरांनाही मिळत होता. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक बनवत होती, हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड ट्रक रस्त्यावर होते, आणि तरीही या दोन्ही कंपन्यांचे ट्रक मागे पडून अखेर बंद झाले. टेल्को टिकली आणि मद्रासची अशोक लेलँड टिकली. तेव्हा संरक्षणाच्या पलीकडचे कारण शोधणे भाग आहे, आणि माझ्या मते ते पिंपरीच्या माळावर सापडते.

टेल्कोची स्थापना १९४५ मध्ये जमशेदपूरला झाली ती रेल्वेसाठी वाफेची इंजिने बनवण्याकरिता. ट्रक आले १९५४ मध्ये, जर्मनीच्या डेमलर-बेंझशी झालेल्या १५ वर्षांच्या करारातून. हा करार १९६९ मध्ये संपला आणि गाड्यांच्या तोंडावरचे मर्सिडीजचे चिन्ह जाऊन तेथे टाटांचे इंग्रजी ‘टी’ अक्षर आले. परवान्यावर उत्पादन करणाऱ्या कंपनीची खरी परीक्षा अशाच वेळी होते, कारण तोपर्यंत नकाशेही दुसऱ्याचे असतात आणि त्यांत बदल करण्याचे शहाणपणही दुसऱ्याचेच असते. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी ही वेळ येण्याआधीच तयारी सुरू केली होती. १९६६ मध्ये जमशेदपूरला संशोधन केंद्र उभे राहिले आणि त्याच सुमारास पुण्याच्या, म्हणजे पिंपरीच्या माळावरच्या, कारखान्याचे काम हाती घेतले गेले.

या पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालवाहू गाडी बाहेर पडली ती १९७७ मध्ये. मधल्या दहा-अकरा वर्षांत तेथे यंत्रे बनवणारी यंत्रे, पत्रा दाबण्याचे साचे (डाय) आणि काम करताना भाग अचूक धरून ठेवणारी साधने (जिग आणि फिक्श्चर) तयार करण्याचा विभाग उभा राहिला, आणि त्याच्या जोडीला आयटीआय झालेल्या व शाळा सोडलेल्या मुलांना हाताशी धरून शिकवणारा प्रशिक्षण विभाग. उजाड जमिनीवर हजारो झाडे लावली गेली आणि तळे केले गेले. गाडीच्या आधी हत्यारे, आणि हत्यारांच्या आधी माणसे, असा तो क्रम होता. टेल्कोत ॲप्रेंटिस म्हणून घडलेला फिटर किंवा टूलमेकर पुढे स्वतःचे शेड टाकून दोन लेथ घेऊन बसला, अशी उदाहरणे भोसरी-चिंचवड पट्ट्यात मी कितीतरी पाहिली आहेत. नकाशावर लिहिलेले माप म्हणजे माप, ही शिस्त आमच्यासारख्यांच्या कारखान्यात त्यांच्यामार्फतच आली.

या पायाभरणीचे फळ १९८६ मध्ये दिसले. सरकारने हलक्या मालवाहू गाड्यांसाठी जपानी सहकार्याला वाट मोकळी केली होती आणि डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा व ऑल्विन-निस्सान असे चार स्पर्धक एकदम उभे राहिले होते. टेल्कोचा या गटातला अनुभव नगण्य होता आणि जपानी गाड्या दिसायला व चालवायला निश्चितच सरस होत्या. त्यांच्यासमोर टेल्कोने देशातच आरेखन केलेली ४०७ आणली. १९८५ नंतर येन महागला आणि जपानी गाड्यांचे आयात केलेले भाग आवाक्याबाहेर जाऊ लागले, हे त्या लढाईतील एक मोठे कारण. ४०७ चे भाग मात्र येथेच बनत होते. दुसरे कारण गॅरेजमध्ये होते. तालुक्याच्या गावातील मिस्त्री ४०७ उघडून दुरुस्त करू शकत होता, तिचे पाटे आणि क्लच प्लेट कोणत्याही मोठ्या स्टँडजवळच्या दुकानात मिळत होत्या, आणि गाडी उभी राहिली म्हणजे हप्ता थकतो हे ज्याला ठाऊक आहे, तो मालक याच गोष्टी आधी पाहतो. परवाना राजचे कुंपण या गटापुरते सैल झाले असताना टेल्कोने ही लढाई जिंकली, आणि म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी ‘स्वतःच्या बळावर’ असे देईन.

पुढची वाटचाल सरळ नव्हती. ट्रकच्या बाजारातील मंदी आणि इंडिका मोटारीवरील मोठा खर्च एकत्र आल्यामुळे २०००-०१ या वर्षात कंपनीला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. त्यातून सावरताना केलेल्या कामांपैकी सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडलेली आणि मे २००५ मध्ये बाजारात आलेली ‘एस’ (Ace) ही छोटी मालवाहू गाडी, जिला आपण सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतो. तीनचाकीच्या मालकाला परवडेल अशी, दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची चारचाकी देण्याची ती कल्पना होती. महामार्ग रुंद होऊन लांबच्या वाहतुकीला मोठे ट्रक लागू लागले होते आणि शहरात त्यांचा माल वाटण्यासाठी लहान गाडी हवी होती, त्या जागी ती नेमकी बसली.

आता दुसरा प्रश्न. १ ऑक्टोबर २०२५ पासून मालवाहू आणि प्रवासी बसगाड्यांचा व्यवसाय मोटारींपासून वेगळा झाला आहे. यामुळे ट्रकच्या नफ्याचा पैसा ट्रकवरच लागेल, ही मला जमेची बाजू वाटते. चिंता आहे ती पिकअप गाड्यांची, कारण तेथे महिंद्राच्या बोलेरोने मिळवलेली आघाडी टाटांना मोडता आलेली नाही. जुलै २०२५ मध्ये सुमारे ३.८ अब्ज युरोंना ट्रक आणि बस बनवणारी इटलीची इव्हेको ही कंपनी घेण्याचा करार जाहीर झाला, त्यात त्या कंपनीचा संरक्षण व्यवसाय नाही. २००४ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुन्सान येथील देवूचा ट्रक कारखाना घेतल्यावर तेथील अनुभव प्रायमा या अवजड ट्रकच्या रूपाने येथे उतरायला चार-पाच वर्षे लागली होती. इव्हेकोचा पसारा देवूपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून पुढील एक-दोन वर्षांच्या ताळेबंदावरून मत बनवू नये. इव्हेकोच्या इंजिनांचे आणि गिअरबॉक्सचे कोणते भाग पुणे, जमशेदपूर किंवा लखनौच्या कारखान्यांत बनू लागतात, याकडे मी लक्ष ठेवणार आहे.