डर्ट ट्रॅक: घाण नव्हे, माती

प्रश्न असा: बार्नी ओल्डफील्ड या जुन्या अमेरिकन मोटार शर्यतपटूवर लिहायचं आहे, तर ‘डर्ट ट्रॅक’ला ‘धूलिमार्ग’ म्हटलं तर चालेल का?

नको. ‘धूलिमार्ग’ ऐकून एखाद्या पंथाची दीक्षा घेतल्यासारखं वाटतं. ‘डर्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे घाण येते, पण अमेरिकेत कुंडीत भरायची मातीही डर्टच. ‘कच्चा रस्ता’ही इथे बसत नाही, कारण हे ट्रॅक मुळात घोड्यांच्या शर्यतींचे. त्यांची माती पाणी मारून, सारखी करून राखलेली असे.

त्यापेक्षा कुस्तीकडे बघा. महाराष्ट्र केसरीत ‘माती विभाग’ आणि ‘गादी विभाग’ असतात. गादी येण्याआधी ‘मातीवरची कुस्ती’ असं मुद्दाम कोण म्हणणार? कुस्ती मातीतच व्हायची. ओल्डफील्डच्या सुरुवातीच्या काळात मोटारींचंही बहुधा तसंच असावं. मूळचा हा सायकलपटू. ऑक्टोबर १९०२ मध्ये डेट्रॉइटजवळ ग्रोस पॉइंटला त्याने हेन्री फोर्डने बनवलेल्या ‘९९९’ गाडीतून पाच मैलांची शर्यत मारली आणि अलेक्झांडर विंटन या नावाजलेल्या मोटार उत्पादक-शर्यतपटूला हरवलं. २० जून १९०३ला इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर त्याने एक मैलाचा फेरा ५९.६ सेकंदांत काढला. मैलाला मिनिटाच्या आत! दोन्ही ट्रॅक मातीचेच. पुढे १९०९मध्ये इंडियानापोलिसच्याच नव्या स्पीडवेवर विटा बसवल्या, मग ठिकठिकाणी लाकडी फळ्यांचे ट्रॅक झाले, तेव्हा ‘मातीचा’ हे विशेषण खरं कामाला आलं.

‘९९९’ला गोल स्टिअरिंग नव्हतं, दोन्ही हातांनी धरायचा आडवा दांडा होता. धुरळ्यात पुढची चाकं दिसेनाशी झाली तरी दांडा सरळ म्हणजे चाकं सरळ, एवढं ड्रायव्हरला कळावं म्हणून, असं सांगतात. ‘धूळ’ हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापरा, ट्रॅकच्या नावात नको.

तेव्हा माझं मत: ‘मातीच्या ट्रॅकवरचा रेसर’. ‘ट्रॅक’ तसाच राहू द्या. ‘धावपट्टी’ म्हटलं की विमान उतरतं. ‘रिंगण’ मला फार मोहात पाडतं, त्यातही घोडा धावतोच, पण वाचक थेट वारीत पोचेल. आणि लिहिताना ओल्डफील्डच्या तोंडातला चिरूट विसरू नका, ते तर त्याचं ओळखचिन्हच. गचक्यांनी दातांवर दात आपटू नयेत म्हणून तो चिरूट दातांत धरून गाडी हाकायचा.