वाचक विचारतात : इंजिन ओरडतंय, बोट हलत नाही

प्रश्न : दांडेलीला काळी नदीत आम्ही बारा जण मोटारबोटीत होतो. खालून 'टक्' असा आवाज आला, इंजिनचा आवाज एकदम चढला, पण बोट पुढे जाईना. ती प्रवाहाबरोबर काठच्या झाडीकडे सरकायला लागली. नावाड्याने पंखा काढून आत एक खिळा घातला आणि परत आणलं. हा जुगाड योग्य होता का? आम्ही काय करायला हवं होतं?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या बोटीची शिअर पिन तुटली होती. लहान आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनात पंखा आणि त्याचा दांडा यांच्यात मऊ धातूची एक आडवी पिन असते. पंखा खडकावर आपटला की ती मुद्दाम आधी तुटते, म्हणजे गिअर वाचतात. मग दांडा मोकळाच फिरतो, म्हणून आवाज चढतो आणि बोट जागची हलत नाही. काळी नदीत हे होणारच. वर सुपा धरणाच्या वीजघरातून पाणी सुटतं-थांबतं तशी पातळी बदलते. एका वेळी दोन हात पाण्याखाली असलेला खडक दुसऱ्या वेळी पंख्याला लागतो.

साधा तारेचा खिळा त्याच जाडीचा असेल तर हळूहळू काठाला येण्यापुरता चालतो. काँक्रीटचा खिळा किंवा ड्रिलचा तुकडा मात्र नको. तो तुटत नाही. पुढच्या खडकाला गिअर तुटतात, आणि ते पाण्यात दुरुस्त होत नाहीत. मोठ्या इंजिनात पिनेऐवजी पंख्याच्या आत रबरी बुश असतो. तो घसरला तर कमी रेसवर बऱ्याचदा पकड धरतो, तेव्हा रेस न वाढवता रांगत परत यायचं.

पण पिनेआधी नांगर. इंजिन बंद, लाल दोरीची क्लिप काढलेली (ती नसेल तर इंजिन चुकून सुरू होत नाही), आणि नांगर नाकाकडूनच टाकायचा. मागून टाकला तर प्रवाह मागच्या बुटक्या फळीवरून आत येतो. पाणी तीन मीटर खोल असेल तर दोर निदान पंधरा मीटर सोडा, नाहीतर नांगर तळाला धरत नाही, नुसता घासत येतो. अर्धवट बुडालेल्या झाडाला बोट आडवी लागलीच, तर सगळ्यांनी झाडाच्या बाजूला झुकायचं. घाबरून माणसं उलट्या बाजूला सरकतात, ती कड दबते आणि प्रवाह थेट आत शिरतो.

आता पिन. इंजिन वर उचलायचं. पकडीने नट अडवणाऱ्या स्प्लिट पिनेचे पाय सरळ करून ती ओढायची, नट काढायचा, पंखा मागे सरकवायचा, तुटकी पिन ढकलून नवी घालायची. पंख्याची खाच पिनेवर नीट बसली की नट, नवी स्प्लिट पिन, पाय वाकवले, झालं. दहा मिनिटांचं काम. खाली टॉवेल मात्र धरा. नट पाण्यात पडला की विषय संपला. आणि हे बघायला बारा जण मागे गोळा झाले, तर मागची फळी पाण्याला टेकते. मागे दोघंच, बाकीचे मधे, बसून. 'उतरून ढकलू' हा आपल्याकडचा उत्साह तिथे नको, काळीत मगरी आहेत.

प्रश्न : बामणोलीहून वासोट्याला जाताना शिवसागरात इंजिन दर दहा मिनिटांनी बंद पडायचं. थोडं थांबलं की परत सुरू. पेट्रोल भरपूर होतं.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असणार. हवा आत जात नाही, टाकीत पोकळी होते, पेट्रोल येणं थांबतं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला की नक्की हेच. स्क्रू सैल करा, फुग्यावरचा बाण इंजिनकडे आणि वर धरून फुगा कडक होईपर्यंत दाबा. चोक पुन्हा पुन्हा ओढू नका. प्लग ओला होऊन दुसरंच दुखणं मागे लागतं.

प्रश्न : इंजिनमधलं आम्हाला काही कळत नाही. बोटीत बसण्याआधी काय बघायचं?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : इंजिन सुरू झालं की त्यातून बाजूला पाण्याची बारीक धार पडते का ते बघा. धार नाही म्हणजे थंड करणारं पाणी फिरत नाही. पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलंय, नाहीतर पंपाचा रबरी पंखा गेलाय. वाटेत धार थांबली तरी ओरडून इंजिन बंद करायला लावा, संकोच नको. मग दोन वल्ही, दोर बांधलेला नांगर आणि सुट्या पिना आहेत का ते विचारा. नावाडी 'लागत नाहीत हो' म्हणाला तर दुसरी बोट बघा. लाइफ जॅकेट घालून हात वर करा आणि सोबत्याला खांद्यापाशी धरून ते वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत.