थरथर कुठून येते, ते आधी ओळखा
गाडी ताशी 80 किलोमीटरच्या पुढे थरथरते, एवढ्यावरून तुम्ही लगेच सस्पेन्शनचे (हादरे शोषणाऱ्या यंत्रणेचे) भाग बदलू नका. हादरे स्टिअरिंगमध्ये जाणवत असतील तर आधी पुढची चाके पाहावीत, आणि सीटखाली जाणवत असतील तर मागची चाके व प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) जॉइंट. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला साचलेला चिखल वाळून दगडासारखा होतो आणि चाकाचा तोल बिघडवतो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते, गॅरेजवाल्याने मात्र शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायला सांगितले होते. रिम आतून धुऊनही फरक पडला नाही, तर चाकांचे बॅलन्सिंग (तोल साधणे) करून घ्यावे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर डिस्क तपासाव्यात.