नाशिकमध्ये नाताळची जुनी परंपरा आहे का?

तुम्ही विचारलंय, नाशिक म्हणजे गोदाघाट आणि कुंभमेळा, इथे जुना म्हणावा असा नाताळ कुठला? आहे की! मॉलमधल्या झाडापेक्षा बराच जुना.

शरणपूर रोडवरून तुम्ही शंभरदा गेला असाल. शरणपूर ही 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनच्या शाळेत शिकायची. त्यांतलाच जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या प्रसिद्ध संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत थेट लंडनला गेला. एवढी गोष्ट आमच्या शाळेत कुणी सांगितली नाही, याचा अजून राग येतो.

आमच्या घरी नाताळ केकने नाही, करंजीने सुरू व्हायचा. आजी परात पुढ्यात घेऊन बसायची. सारणात सुकं खोबरं, खसखस आणि आपल्याकडचे बेदाणे. बेदाणे बारीक चिरायचे, अख्खे टाकले तर तळताना फुगतात आणि करंजी फुटते. हे ती दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी माझी एक तरी फुटायचीच. शेजाऱ्यांकडून दिवाळीत आलेली ताटं राखून ठेवलेली असत, ती आता भरून परत जायची.

कॅरलवाले रात्री एक-दीडला यायचे. पेटी, ढोलकी, झांजा, कानटोप्या. इंग्रजी गाणं एखादंच, बाकी सगळी मराठी. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग काही सोडला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर तर इथलंच, जलालपूरचं. टिळकांची भजनं ऐकून आमच्या शेजारचे माळकरी आजोबा एकदा शाल गुंडाळून बाहेर आले. त्यांना वाटलं, दिंडी आली! मग चहा होईपर्यंत तेही झांजा वाजवत बसले.

‘नाताळ’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांचा. आणि नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत असते, लोक दोन्हींची गल्लत करतात.

बघायचंच असेल तर 24 च्या रात्री शरणपूरच्या चर्चला किंवा त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉस चर्चला जा. वेळ आधी विचारून घ्या, अर्धा तास लवकर पोचा आणि स्वेटर विसरू नका. आत जागा मिळाली नाही तर अंगणात उभं राहावं लागतं, आणि डिसेंबरातली आपली थंडी तुम्हाला माहीतच आहे.