बॉयलरमधलं हायड्राझिन : नाकावर भरवसा नको

प्रश्न : आमच्याकडे बॉयलरच्या फीडवॉटरमधला, म्हणजे त्याला पुरवायच्या पाण्यातला, ऑक्सिजन काढायला हायड्राझिन वापरतात. ड्रम उघडला की अमोनियासारखा हलका वास येतो, त्रास मात्र होत नाही. मग हातमोज्यांची एवढी सक्ती कशाला? त्यापेक्षा सल्फाइट का वापरत नाहीत?

उत्तर : वास आला म्हणजे मर्यादा आधीच ओलांडली गेली. हायड्राझिनचा वास साधारण 3-4 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 3-4 भाग) कळतो. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेची आठ तासांची मर्यादा 1 पीपीएम आहे आणि एसीजीआयएच या तिथल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस तर अवघी 0.01 पीपीएम. त्यात नाक सरावतं, ते वेगळंच.

शिवाय ते कातडीतूनही शरीरात जातं. तीव्र द्रावणाने कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. जास्त मात्रा गेली तर यकृत बिघडतं, झटके येतात. त्यावर डॉक्टर बी6 जीवनसत्त्व देतात, म्हणून दवाखान्यात रसायनाचं नाव आवर्जून सांगा. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 2ए गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, टाकलं आहे. अंगावर उडालं तर कपडे काढून निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली उभं राहा. कातडी बूट किंवा घड्याळाचा पट्टा भिजला तर टाकूनच द्या, धुऊन तो साफ होत नाही.

ड्रम वाकवून ओतू नका. बंद पाइपमधून पंपाने डोसिंग टाकीत घ्या. हातमोजे ब्यूटाइल रबराचे हवेत. सांडलेलं चिंधीने किंवा लाकडाच्या भुशाने टिपू नका : तीव्र द्रावण त्यात हवेशी संयोग पावून तापतं आणि पेटतं. आधी भरपूर पाणी, मगच पातळ हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण). हायपोक्लोराइट तीव्र द्रावणावर थेट ओतलं तर उष्णता एकदम बाहेर पडते. लेबलही नीट वाचा : ‘80 टक्के हायड्रेट’मध्ये (हायड्रेट म्हणजे पाण्याशी जोडलेलं हायड्राझिन) निव्वळ हायड्राझिन 51 टक्केच असतं. मात्रेचा घोळ बहुतेक इथेच होतो.

सल्फाइट कमी दाबाच्या बॉयलरला उत्तम, आणि माणसांना कितीतरी कमी धोक्याचं. पण 1 मिलिग्रॅम ऑक्सिजनला ते जवळपास 8 मिलिग्रॅम लागतं, पाण्यात क्षार वाढतात आणि दाब जास्त असेल तर ते फुटून आम्लधर्मी वायू बनतात. हायड्राझिन 1 मिलिग्रॅमला 1 मिलिग्रॅम पुरतं, उरतात नायट्रोजन आणि पाणी. मात्र ‘थोडं जास्तच टाकू’ असं केलंत, तर उरलेल्याचा उष्णतेने अमोनिया होतो आणि कंडेन्सरच्या (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) पितळी नळ्या खातो.

वाफ अन्नाला लागत असेल, तर हायड्राझिन नकोच.